खानापूरचे मडके

आमच्या स्वयंपाकघरातील मडके गेल्या वर्षीच्या श्रावणात फुटले. फुटले म्हणण्यापेक्षा तडकले म्हणणे अधिक बरोबर. आणि तेही आपण होऊन तडकले नाही, आम्हीच तडकवले. हुलग्याचे सार उकळून खाली घेताना घाई झाली, आणि चुंबळीवर ठेवायचे मडके नुकत्याच पुसलेल्या ओल्या ओट्यावर टेकवले गेले. ‘टक्’ असा बारीकसा आवाज झाला. वरून काहीच दिसेना. पण थोड्याच वेळात ओट्यावरून साराचा ओघळ वाहू लागला.

ते मडके आमच्या आईंनी तीस-एक वर्षांपूर्वी खानापूरहून आणले होते. आईंचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. त्या रागावल्या नाहीत. तडकलेले मडके तुळशीच्या कट्ट्यामागे ठेवायला सांगून त्या एवढेच म्हणाल्या, “दुसरं आणू नका. मडकं आणायला पैसे लागतात, सांभाळायला माणूस लागतं. तेवढी सवड आता ह्या घरात कुणाला आहे?”

हे शब्द आम्हांला लागले. घरात प्रेशर कुकर आहे, गॅस आहे, स्टीलची भांडी मांडणीवर ओळीने लावलेली आहेत. मडक्यावाचून आमचे जेवण काही अडणार नव्हते. पण ज्या घरात मातीचे एक भांडे जपण्याइतकी सवड उरली नाही, त्या घराविषयी एका वृद्ध बाईने दिलेला तो निकाल होता. तो मुकाट्याने मान्य करावा असे आम्हांला वाटेना.

पावसाळ्यात कुंभाराचे चाक बहुधा थांबलेले असते. ओल्या हवेत भांडी सुकत नाहीत आणि उघड्यावरचा आवा पेटत नाही. म्हणून दिवाळी होऊ दिली आणि मार्गशीर्षातल्या एका सकाळी आम्ही उभयता खानापूरला निघालो.

बेळगावाहून खानापूर सुमारे २६ किलोमीटर. मिरज-लोंढा लोहमार्गाने देसूर, इदलहोंड ही स्थानके मागे टाकून जाता येते. आम्ही बसने गेलो. शहर सरले की भाताची खाचरे सुरू होतात. कापणी होऊन गेलेली, खुंट उरलेले, बांधावर पेंढ्याच्या गंजी रचलेल्या. जसजसे सह्याद्रीकडे सरकावे, तसतशी माती तांबूस होत जाते आणि घरांवरची कौलेही तिच्याच रंगाची दिसू लागतात. मलप्रभा ह्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि खानापूरच्या कडेने वाहत पुढे कूडलसंगमाला कृष्णेस मिळते. तिच्या खोऱ्यातील चिकण मातीने ह्या गावाला कौले दिली, विटा दिल्या आणि मडकी दिली. खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्था खानापुरात निघाली, ती काही उगाच नव्हे.

हा सीमेवरचा मुलूख. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. २०१४ मध्ये बेळगावचे सरकारी नाव बदलले. माणसांच्या मनात ह्या सर्वांचे सल आहेत, आणि ते खरे आहेत. मात्र कुंभाराच्या दारात एक मौज आढळते. मराठीत जे मडके, ते कानडीत मडिके. मराठीत जे गाडगे, ते कानडीत गडिगे. गिऱ्हाईक कोणत्याही भाषेत बोलो, कुंभार हात पुढे करतो तो एकाच भांड्याकडे.

गावात विचारपूस करीत आम्ही एका कुंभाराच्या अंगणात पोहोचलो. संक्रांत महिन्यावर आली होती, त्यामुळे सावलीत सुगडांच्या रांगाच रांगा सुकत होत्या. एका कोपऱ्यात तरुण मुलगा विजेच्या चाकावर बसला होता. २०१८ पासून खादी आयोगाने कुंभारांना अशी चाके देण्याची योजना चालवली आहे. काठीने चाक फिरवून दंडाला येणारी कळ त्याने वाचते. परंतु चाकावरचा गोळा मध्यभागी धरण्याचे आणि भिंत वर ओढण्याचे काम अजून बोटांनाच करावे लागते. मुलाने दोऱ्याने सुगड कापून अलगद उचलले आणि आमच्याकडे न पाहताच हाक मारली, “आज्जे, गिऱ्हाईक आलंय बघ.”

आतून एक वयस्कर बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. “बसा की,” असे म्हणून त्यांनी पहिलाच प्रश्न केला, “पाण्याला पाहिजे की जेवणाला?”

ह्या प्रश्नातच अर्धे शास्त्र आहे. पाण्याच्या माठाची छिद्रे मोकळी असावी लागतात. त्यांतून पाणी पाझरून वाळते, म्हणूनच आतले पाणी गार होते. जेवणाच्या मडक्याची गोष्ट वेगळी. त्याला जाळ सोसायचा असतो. म्हणून त्याच्या मातीत बारीक वाळू अधिक मिसळतात. तापल्यावर भांडे फुगते, निवल्यावर आकसते. ही ओढाताण नुसत्या चिकण मातीला झेपत नाही, वाळूचे कण मधे असले म्हणजे तड पुढे सरकत नाही. शिवाय मडके चाकावरून उतरल्यावर अर्धओले असताना आतून दगडी गुंडा धरून बाहेरून लाकडी थापटण्याने थापतात, तेव्हा त्याची भिंत एकसारखी आणि घट्ट होते. मग सावलीत सुकवणे, वर तांबडी काव देणे, आणि शेवटी गोवऱ्या, लाकूड, पेंढा ह्यांच्या आव्यात सुमारे ७०० ते ९०० अंशांपर्यंत भाजणे. वारा खेळता राहिला तर मातीतल्या लोहाने मडके लाल होते. आवा झाकून धूर आत कोंडला तर तेच काळे उतरते.

आम्ही एक सुबक, गुळगुळीत मडके उचलले. बाईंनी ते आमच्या हातातून घेतले, बोटाच्या पेराने दोनदा वाजवले आणि बाजूला ठेवून दिले. “हे नको, ताई. ह्याचा आवाज बद्द येतोय बघा.” मग दुसरे वाजवले, तिसरे वाजवले. तिसऱ्याचा आवाज खणखणीत आला. त्याचा काठ किंचित वाकडा होता. पण बाईंनी तेच आमच्या पुढ्यात ठेवले. तेरच्या गोरोबाकाकांनी संतमेळ्यात एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून कच्चे कोण नि पक्के कोण ते पाहिले आणि नामदेवांना कच्चे ठरवले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती कथा ज्या हाताच्या सवयीतून निघाली, ती सवय त्या दिवशी आम्ही प्रत्यक्ष पाहिली.

बाईंनी भांड्याबरोबर एक पसरट परळ झाकण म्हणून दिला आणि पैसे घेण्याआधी विचारले, “गॅसवर ठेवणार न्हवं? मग बूड चपटं बघून देते. आणि रिकामं कधी तापवायचं न्हाई.” धंदा कसा चालतो, असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, “सुगडं जातात, नवरात्रातले घट जातात, उन्हाळ्यात माठ जातात. जेवणाची मडकी मागायला कोण येत न्हाई. तुम्ही आलासा.” त्यात तक्रारीचा सूर नव्हता. पूर्वी घरोघरी कोपऱ्यात मडक्यांची उतरंड असे. आता सणापुरते मडके घरात येते आणि सणाबरोबर जाते, एवढाच त्याचा अर्थ. आम्ही भाव केला नाही. मांडीवर पेंढ्यात गुंडाळलेले मडके घेऊन परत आलो.

आईंनी ते पाहिले आणि काही बोलल्या नाहीत. त्यांचे न बोलणे हीच आमची परीक्षा होती.

आता जे केले ते क्रमाने सांगतो, कारण खानापूरचे असो, डिचोलीचे असो की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातले असो, मातीच्या भांड्याचे नियम थोड्याफार फरकाने तेच आहेत. प्रथम मडके एक दिवस एक रात्र पाण्यात बुडवून ठेवले. पहिला काही वेळ त्याच्या अंगातून बुडबुडे निघत राहतात. ते थांबले म्हणजे छिद्रे पाण्याने भरली असे समजावे. मग ते सावकाश वाळू दिले. दुसऱ्या दिवशी तांदळाचे धुवण घालून अगदी मंद आंचेवर उकळले, निवू दिले, ओतून टाकले. असे तीन दिवस केले. चौथ्या दिवशी पेज शिजवली. तांदळातले पीठ छिद्रांत बसून भांडे धरते, झिरपणे थांबते. मडके ‘मुरवणे’ म्हणतात ते हेच.

चुलीवर ठेवताना आधी मडक्यात जिन्नस घालावा, मग खाली जाळ करावा. गॅस असेल तर ज्योत बारीक ठेवून हळूहळू वाढवावी आणि मध्यमच्या पुढे नेऊ नये. पाणी कमी पडले तर गरमच घालावे. तापल्या मडक्यात गार पाणी पडले की भिंतीचा आतला भाग आकसतो, बाहेरचा फुगलेलाच राहतो, आणि तड जाते. आमचे पहिले मडके गेले ते ह्याच कारणाने, फक्त गारवा खालून लागला. म्हणून उतरवताना कापडाची किंवा पेंढ्याची चुंबळ आधी जागेवर ठेवावी, मग मडक्याला हात घालावा. ढवळायला लाकडाचा किंवा करवंटीचा डाव घ्यावा. माती उशिरा तापते आणि उशिरा निवते. तेव्हा पदार्थ पुरता शिजण्याच्या थोडे आधीच आंच बंद करावी, उरलेले काम मडके आपले आपण करते.

मडकी निराळी ठेवावीत. मासळीचे एक, दह्यादुधाचे एक, आमटी-साराचे एक. एकाचा वास दुसऱ्यात गेला तर काढता येत नाही. मातीच्या गाडग्यात लावलेले दही घट्ट होते, ह्यात जादू नाही; त्यातले पाणी भिंत शोषून घेते, एवढेच. चकचकीत झिलई दिलेली किंवा रंगवलेली शोभेची भांडी मात्र स्वयंपाकाला घेऊ नयेत. काही झिलयांत शिसे असते, आणि आमसूल-चिंचेचा आंबटपणा ते अन्नात उतरवतो.

धुण्याच्या बाबतीत आम्ही पहिल्याच आठवड्यात चुकलो. सवयीने साबणाचे पाणी लावले. दुसऱ्या दिवशीच्या पेजेला साबणाचा वास आला. आईंनी एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि ताक मागितले. मग आम्ही साधे पाणी तीन-चारदा उकळून ओतून टाकले आणि मडके दोन दिवस कडक उन्हात उपडे घातले, तेव्हा तो वास गेला. तेव्हापासून गरम पाणी, नारळाचा काथ्या आणि फार तर चिमूटभर राख किंवा डाळीचे पीठ. ह्यापलीकडे काही लावत नाही. तळाशी लागले असेल तर खरवडायचे नाही, रात्रभर पाणी घालून ठेवायचे. धुतल्यावर पुरते वाळेपर्यंत झाकायचे नाही. पावसाळ्यात आत पांढरी बुरशी दिसू लागली, तर मीठ लावून घासून, पाणी उकळून, ऊन पडेल त्या दिवशी अंगणात.

हे सगळे वाचताना फार वाटते. करताना दिवसाकाठी दहा मिनिटेही लागत नाहीत. लागते ते एवढेच, की ती दहा मिनिटे घाईची असून चालत नाहीत. मडके उतरवताना हातात दूरध्वनी नको, धुताना मन दुसरीकडे नको. आई ‘माणूस लागतं’ म्हणाल्या ते ह्या अर्थाने, हे आम्हांला दोन-तीन महिन्यांनी उमगले. त्यांच्या काळी सवड अधिक होती असे मुळीच नाही. पहाटे उठून दहा माणसांचे करणाऱ्या बाईला कसली सवड? पण कामाच्या रगाड्यातही एका वस्तूपुरते सावकाश होणे त्यांना जमत असे.

यंदा आषाढात पावसाची झड लागली होती. संध्याकाळी आई काठी टेकत स्वयंपाकघरात आल्या. मडके फळीवर चुंबळीवर उपडे होते. आठ महिन्यांत त्याचे बूड काळेभोर झाले होते आणि अंगाला तेलकट तुकतुकी आली होती. आईंनी ते बोटाच्या पेराने वाजवून पाहिले, खानापूरच्या त्या बाईंनी वाजवले होते तसेच. मग म्हणाल्या, “आवाज चांगला आहे. उद्यापासून माझी पेज ह्यात टाका.”

जुन्या मडक्याची खापरे आम्ही टाकली नाहीत. तुळस नव्या कुंडीत लावली, तेव्हा पाणी निथळावे म्हणून ती तळाशी घातली. आईंची पेज दररोज सकाळी नव्या मडक्यात शिजते, आणि उतरवण्याआधी चुंबळ जागेवर आहे की नाही, हे आम्ही दोनदा पाहतो.