देव फेरीबोटीतून आला

मोपाचा विमानतळ पेडणे तालुक्यातच असल्यामुळे उतरल्यावर थोड्याच वेळात आम्ही आजीच्या अंगणात होतो. आजी माझी, म्हणजे आमच्या अडीच वर्षांच्या चिरंजीवांची पणजी. वय ८४. पणतवाला तिने आजवर फोनवरच पाहिलेलं. तिने हात पुढे केले आणि हा पठ्ठ्या माझ्या पायांमागे लपला. "असूंदे, वळख नाय अजून त्येका," असं ती म्हणाली खरी, पण तिचा चेहरा उतरला होता.

दुसऱ्या दिवशी पेडण्याच्या भगवतीला गेलो. देवळाच्या दारात काळ्या दगडाचे दोन भलेमोठे हत्ती आहेत. दर्शन घेऊन वळतो तर चिरंजीव गायब! दोन मिनिटं आमचा जीव थाऱ्यावर नव्हता. सापडला तो हत्तीपुढे, सोंडेला बिस्किट लावून उभा. शेजारी आजी. गुडघ्यांमुळे ती मागे रेंगाळली होती आणि हा तिच्याबरोबर. "हत्तीक भूक नाय रे बाबू," ती समजावत होती. मग ते ओलं, चिखल लागलेलं बिस्किट त्याने तिच्या तोंडात कोंबलं. आजीने ते खाल्लं. मी काही बोललो नाही.

त्यानंतर सहलीची सूत्रं या दोघांकडे गेली. तेरेखोलचा किल्ला मला दाखवायचा होता. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला पोर्तुगिजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी तिथे तिरंगा फडकवला. हे सगळं मी गाडीत पाठ करून ठेवलं होतं. पण केरीला फेरीबोट दिसली आणि संपलंच. पलीकडे उतरायला साहेब तयार नाहीत. "पुन्ना!" आम्ही तीनदा नदी ओलांडली, किल्ला लांबूनच पाहिला. चढ टळल्यामुळे आजी मात्र खूश होती. हरमल राहिलं, हरवळ्याची लेणी राहिली. मयेच्या तलावावर अर्धा तास फक्त खडे टाकले.

एका जागेबद्दल मात्र आजी अडून बसली होती. डिचोली तालुक्यातलं नार्व्याचं सप्तकोटेश्वर. जीर्णोद्धारानंतर २०२३ मध्ये मंदिर पुन्हा खुलं झालं, तेव्हापासून तिला जायचं होतं. "आता नाय तर कधी?" या तिच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

झाडीत दडलेलं, उतरत्या कौलांचं, घुमटाचं देऊळ. चिरंजीवांनी दीपस्तंभाला सात-आठ फेऱ्या मारल्या, मग दमून पणजीच्या मांडीवर. ती सांगू लागली. देव आधी दिवाडी बेटावर होता. पोर्तुगिजांनी देऊळ पाडलं. लोकांनी देव नदीपार इथे आणला. मग १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी हे देऊळ बांधायला लावलं. दारावर शिलालेख आहे. महाराजांपाशी येईपर्यंत श्रोत्याचे डोळे मिटू लागले होते. एकदम उघडले.

"बाप्पा बोटीतून आला?"

"मग? पोहत येतलो?"

"फेरीबोट?"

"तशीच कायतरी. अजून जाता ना हयसून दिवाडीक."

हे तिने त्याच्यासमोर बोलायला नको होतं. विमानाला पाच तास होते, सामान गाडीत होतं, बायको घड्याळाकडे बघत होती. आजीने काठी उचलली, त्याने तिचं बोट धरलं, आणि दोघं धक्क्याच्या रस्त्याने चालू लागले. सावकाश, एकाच चालीने. आम्ही मागोमाग.