मोन्तोनेचा चढ आणि एक दुरुस्ती

१/ दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्या महायुद्धातील मराठा सैनिकांवरील थ्रेडच्या शेवटी मी एक वाक्य जोडले होते : माझे पणजोबा इटलीत नाईक यशवंत घाडगे यांच्या पलटणीत होते. त्या थ्रेडमधले हेच वाक्य सर्वाधिक पुढे पाठवले गेले, आणि तेच चुकीचे होते. ही चूक मला एखाद्या दप्तरखान्यात नव्हे, तर सायकलवर असताना उमगली. आजचा थ्रेड त्या दुरुस्तीचा आहे, आणि जिथे ती घडली त्या डोंगरी रस्त्यांचाही.

२/ एका सत्रापुरती मी मध्य इटलीत शिकायला आले आहे. हा उंब्रिया प्रांत. याला समुद्र नाही, पण ऑलिव्हच्या बागा, द्राक्षमळे आणि कोरडा, रखरखीत उन्हाळा पाहिला की हा भूमध्य प्रदेशच आहे हे कोणी सांगावे लागत नाही. जुलैमध्ये भाड्याची सायकल घेतली, मागे दोन पिशव्या बांधल्या आणि असीसी, पेरुजा, उंबेर्तिदे, मोन्तोने असा तीन दिवसांचा मार्ग आखला. युरोपभरचे सायकलप्रवासी इथे येतात ते या चढउतारांसाठीच.

३/ सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे डोंगर प्रथमदर्शनी सौम्य वाटतात. कडे नाहीत, घाटमाथा नाही. गोलाई घेतलेल्या टेकड्या एकीमागून एक येत राहतात. परंतु प्रत्येक गाव माथ्यावर वसलेले. खोऱ्यात पूर, दलदल आणि हिवताप, शिवाय सतत चालणाऱ्या लढाया. म्हणून शतकानुशतके माणसे उंचावर तटबंदी बांधून राहिली. गडाची माची पाहिलेल्याला हा विचार लगेच समजतो. सायकलस्वाराला तो पोटऱ्यांतून समजतो : मुक्काम गाठायचा तर दिवसाचा शेवट चढानेच होणार.

४/ उतारांवरून नागमोडी जाणारे पांढऱ्या खडीचे रस्ते ही इथली ओळख. त्यांच्यामागे अर्धेलीची शेती आहे. कुळाचे कुटुंब मालकाच्या शेतातच राही आणि पिकाचा निम्मा वाटा मालकाला देई. घरे गावात नव्हे, शेताशेतांत विखुरलेली. म्हणून घरागणिक एक रस्ता. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले, माणसे कारखान्यांकडे गेली, रस्ते ओस पडू लागले. शेजारच्या तोस्कानात हे रस्ते वाचावेत म्हणून १९९७ पासून जुन्या सायकलींची ‘लेरोइका’ ही यात्रा भरते. आज ज्याला आपण निसर्गसौंदर्य म्हणतो, ते कोणाच्या तरी निम्म्या वाट्यातून आखले गेले आहे.

५/ असीसीचे नाव निघाले की सायकलवेड्यांना जिनो बार्ताली आठवतो. १९३८ आणि १९४८, अशी दहा वर्षांच्या अंतराने तूर द फ्रान्स जिंकणारा हा फ्लॉरेन्सचा वीर. जर्मन ताब्याच्या काळात, सरावाच्या निमित्ताने फ्लॉरेन्स ते असीसी हे दीडशेहून अधिक किलोमीटरचे अंतर कापत त्याने सायकलच्या नळीत दडवून ज्यूंसाठी बनावट ओळखपत्रे नेली, अशी कथा आहे. याद वाशेम संस्थेने २०१३ मध्ये त्याचा गौरवही केला.

६/ मात्र या कथेतील काही तपशिलांच्या पुराव्याबद्दल इतिहासकारांनी शंका उपस्थित केल्या आहेत. स्वतः बार्ताली हयातीत याविषयी फारसे बोललाच नाही. असीसीच्या चढावर मला त्याच्या धाडसापेक्षा त्याच्या या मौनाचा विचार अधिक छळत होता. जो बोलत नाही त्याची गोष्ट अखेर इतरच पूर्ण करतात. हे मी परक्याबद्दल सहज म्हणत होते. माझ्या घरातही तेच घडले होते, हे दुसऱ्या दिवशी कळायचे होते.

७/ ४ जून १९४४ रोजी रोम पडले आणि जर्मन सैन्य उत्तरेकडे माघार घेऊ लागले. अपेनाइन पर्वतातील गॉथिक लाइन सज्ज होईपर्यंत दोस्तांना रखडवणे हा त्यांचा डाव होता. त्यासाठी हाच भूप्रदेश त्यांच्या कामी आला. माथ्यावरचे प्रत्येक गाव म्हणजे टेहळणीचा बुरूज, खोऱ्यातला प्रत्येक पूल म्हणजे उडवून देण्याजोगी वाट. मोटारी जिथे थांबल्या तिथे खेचरांनी दारूगोळा वाहिला. ज्या वळणावर मी दम खायला थांबून दृश्य पाहत होते, त्या वळणावरून खालचा सारा रस्ता माऱ्याच्या टप्प्यात येत होता.

८/ टायबरच्या या वरच्या खोऱ्यातच १० जुलै १९४४ रोजी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीची एक कंपनी चढाई करत होती. मशीनगनच्या माऱ्यात यशवंत घाडगे यांच्या तुकडीतील बाकी सारे ठार वा जखमी झाले. ते एकटे धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी मशीनगन निकामी केली, एकाला गोळीने टिपले, काडतुसे बदलायला अवधी नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दांड्याने मारले. मग दबा धरलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते कोसळले. वय २२. माणगाव तालुक्यातला हा तरुण मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी ठरला. त्यांची समाधी कोठेही नाही. नाव आहे ते कासिनोच्या स्मारकावर.

९/ आता माझे पणजोबा. साताऱ्याकडचे, मराठा पलटणीत भरती झालेले, इटलीहून जिवंत परतलेले आणि नंतर शेती करून गेलेले. आजी त्यांना मामंजी म्हणे. युद्धाबद्दल ते बोलत नसत. आजीजवळ त्यांची दोनच वाक्ये उरली होती. एक : ‘आम्ही जंगी पलटणीतले.’ दुसरे : ‘तिथल्या नदीला घराएवढे बांध. बांधात आम्ही अन् बांधातच ते.’ इटली, मराठा, नदी एवढ्या तीन शब्दांवरून मी टायबर गाठली आणि त्यांना घाडगे यांच्या शेजारी उभे केले.

१०/ दुसऱ्या दिवशी दुपारी उंबेर्तिदेच्या पुलावर सायकल टेकवून मी नदी पाहिली. काठाला झाडी, पलीकडे शेते, मागे टेकड्या. घराएवढे बांध कोठेही दिसेनात. नदीकाठाने बरेच अंतर गेले, तरी नाहीत. इथल्या लढाया टेकड्यांच्या होत्या. पणजोबांच्या आठवणीत टेकडी नव्हतीच. नकाशावर जे मला सहा महिने खटकले नव्हते, ते पुलावर पाच मिनिटांत खटकले.

११/ रात्री बाबांना फोन करून माळ्यावरची ट्रंक उघडायला लावली. डिस्चार्जचे पुस्तक अर्धे वाळवीने खाल्लेले, पण पलटणीच्या क्रमांकाची ओळ शाबूत होती. तिसरी नव्हे, पहिली. मग ‘जंगी पलटण’ या शब्दांचा उलगडा झाला. आम्ही सारे त्याला विशेषण समजत होतो, म्हणजे झुंजार, लढवय्यी वगैरे. ते विशेषण नव्हतेच. जंगी पलटण हे मराठा रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीचे प्रचलित नावच आहे. आजीने पुरावा शब्दशः जपून ठेवला होता. ऐकणारी मीच कमी पडले.

१२/ पहिली पलटण आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये होती. ती डिव्हिजन पेरुजाच्या परिसरापर्यंत आली आणि जूनअखेरीस तिची जागा दहाव्या डिव्हिजनने घेतली. घाडगे यांची पलटण त्या दहाव्या डिव्हिजनमधली. म्हणजे १० जुलैला पणजोबा इथे नव्हते. बांधांची ती नदी सेनिओ : अपेनाइनच्या पलीकडे, रोमान्याच्या सपाट मुलखातली, पुरासाठी दोन्ही काठांना उंच बांध घातलेली.

१३/ त्या सेनिओवर ९ एप्रिल १९४५ रोजी पहिल्या पलटणीच्या नामदेव जाधव यांनी दोन जखमींना सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित जागी पोहोचवले. मग परत जाऊन, हाताला जखम झालेली असताना, हातबॉम्बने मशीनगनचे मोर्चे बंद पाडले आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना देत मागच्यांना पुढे बोलावले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि ते जिवंत परतले. आता माझ्यातला मोह म्हणतो, पणजोबा त्यांच्या शेजारी होते असे लिही. मी लिहिणार नाही. पलटण एक होती, एवढेच कागद सांगतो.

१४/ मग पूर्वी तसे का लिहिले? कारण मला जिवंत परतून मुकाट शेती करणारा पणजोबा पुरेसा वाटला नव्हता. त्याला कोणाच्या तरी शौर्याची सावली हवी होती. यात मी दोघांवरही अन्याय केला : घाडगे यांच्या अखेरच्या क्षणी ते एकटे होते, हे विसरून त्यांच्याभोवती माझे नातेवाईक उभे केले, आणि पणजोबांचे मौन रिकामे समजून भरून टाकले.

१५/ तिसऱ्या दिवशी मोन्तोनेचा चढ चढले. खोरे सुमारे अडीचशे मीटरवर, गाव सुमारे ४८० मीटरवर. शेवटच्या वळणांवर उतरून सायकल ढकलावी लागली. गावात यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ २०२३ मध्ये उभारलेले सूर्यघड्याळ आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन ब्रीद त्याच्याशी जोडलेले आहे. फोटोसोबत लिहायचे वाक्य मी भारतातूनच ठरवून आणले होते. ते लिहिले नाही. सावली पुढच्या रेघेवर सरकेपर्यंत थांबले आणि उतरले.

१६/ जुना थ्रेड काढून टाकत नाही. त्याखाली ही दुरुस्ती जोडते आहे. ज्यांनी ते वाक्य पुढे पाठवले, त्यांनी कृपया हेही पाठवावे. आणि ज्यांच्या घरी अशी एखादी ट्रंक असेल त्यांनी पलटणीचा क्रमांक आधी पाहावा, गोष्ट नंतर सांगावी. घरातल्या वडीलधाऱ्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवून ठेवावेत. अर्थ लावण्याची घाई करू नये.

१७/ पुढच्या महिन्यात सेनिओकाठी जाणार आहे. तिथला रस्ता सपाट आहे, चढ असलाच तर बांधाएवढा. तो चढून पाहीन.