रेझ्युमेतली मूर्खलक्षणं

समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणं सांगितली आहेत. त्यात आपलीच स्तुती करणारा आहे आणि त्याच ओवीत वडिलांची कीर्ती सांगणाराही आहे. पहिल्या लक्षणाचा धाक मराठी घरांत लहानपणीच घातला जातो. दुसऱ्याकडे मात्र कुणाचं फारसं लक्ष गेलेलं दिसत नाही.

चाकण, भोसरी, रांजणगावच्या कारखान्यांसाठी माणसं शोधणं हे माझं काम. माझ्याकडे येणारे कितीतरी रेझ्युमे वडिलांच्या कीर्तीवरच चालतात, म्हणजे कंपनीच्या. कंपनी किती देशांत आहे, उलाढाल किती, गिऱ्हाइकं कोण, यात अर्धं पान जातं. उमेदवाराच्या वाट्याला उरते एक ओळ: ‘विभागाची जबाबदारी सांभाळली.’

सांभाळली म्हणजे नेमकं काय केलं? एका प्रेस शॉपच्या सुपरवायझरने ‘उत्पादनवाढीत योगदान’ एवढंच लिहिलं होतं. फोनवर खोदून विचारलं.

“विशेष काही नाही मॅडम. डाय बदलायला पाऊण तास प्रेस बंद राहायचा. पुढची डाय आधीच ट्रॉलीवर आणून ठेवायला लावली, क्लॅम्पचे बोल्ट सगळे एका मापाचे केले. आता वीस मिनिटांत होतं.”

“मग हे लिहिलं का नाही?”

“आम्ही सगळ्यांनी मिळून केलं ना ते.”

या ‘आम्ही’पायी किती जणांची बढती अडली असेल! सगळ्यांनी मिळून केलं हे खरंच, तसं लिहावंही. पण त्यात आपला हात कुठे होता हे सांगणं आत्मस्तुतीत मोडत नाही. आम्ही ती ओळ अशी केली: ‘डाय बदलण्याचा वेळ ४५ मिनिटांवरून २० मिनिटांवर, एकाच मापाच्या बोल्टची सूचना माझी, अंमलबजावणी तीन ऑपरेटरांसह.’ यात एकही विशेषण नाही. तरी प्लँट हेडची नजर तिथे अडते, कारण त्याच्याकडेही कुठला तरी प्रेस रोज खोळंबलेला असतो.

विशेषणांचा सोस असलेले दुसऱ्या टोकाला. डायनॅमिक, पॅशनेट, हार्डवर्किंग. नोकरी डॉट कॉमच्या रेझडेक्सवर किंवा लिंक्डइनवर माणूस शोधताना आम्ही भरतीवाले ‘हार्डवर्किंग’ असं कधीच टाइप करत नाही. ‘प्रोग्रेसिव्ह टूल’, ‘पीपॅप’, ‘चाकण’ असं टाकतो. लिंक्डइनवर नावाखालच्या ओळीला २२० अक्षरांची जागा असते. ती ‘नव्या संधीच्या शोधात’ म्हणण्यात घालवली, तर आमच्या शोधात तुम्ही सापडणार कसे? (फोटोबद्दल एवढंच: लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला लगेच ओळखू येतो. खांद्यावर कुणाचा तरी हात राहिलेला असतो.) अलीकडे चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेले रेझ्युमे येतात. इंग्रजी झकास, पण पाच जणांचं एकसारखं. मुलाखतीत त्यातल्याच एका वाक्याचा अर्थ विचारला की उमेदवार खाली बघतो.

मुलांसाठी नोकरी सोडलेल्या बायका ती वर्षं ‘फ्रीलान्स कन्सल्टंट’ म्हणून झाकतात, तेव्हा मला वाईट वाटतं. मग क्लायंट कोण होते, हा पहिलाच प्रश्न येतो आणि तिथे सगळंच डळमळतं. लिंक्डइनने २०२२मध्ये ‘करिअर ब्रेक’ अशी वेगळी नोंद करण्याची सोय दिली. ती सरळ वापरावी: अमुक साल ते तमुक साल, मुलांचं संगोपन. त्या काळात टॅली किंवा एक्सेलचा कोर्स केला असेल तर तोही त्याच नोंदीत घालावा. काही साहेब नाकं मुरडतात, नाही असं नाही. पण ते थापेलाही मुरडतातच, आणि थाप पकडली गेली तर पुढची दारंही बंद होतात.

महिने ओढूनताणून वाढवण्याचा मोह तर पुरुषांनाही सुटत नाही. दोन नोकऱ्यांमधले पाच रिकामे महिने गायब करायचे म्हणून लोक फक्त सालं लिहितात. पण पीएफचा यूएएन क्रमांक २०१४पासून नोकरी बदलली तरी एकच राहतो, आणि कुठे कधी लागलात, कधी सोडलंत हे त्या खात्यावर दिसतं. ऑफर देण्याआधी पडताळणीवाले तेच मागतात. तेव्हा रेझ्युमे पाठवण्यापूर्वी एकदा आपल्या पीएफ खात्यातली सर्व्हिस हिस्टरी उघडून तारखा जुळवून घ्या. बऱ्याचदा जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नसते, आणि ती दुरुस्त करून घेण्यात वेळ जातो.