अर्धवट सुधारणा

तयार पुरणपोळी बाजारात मिळत असता घरी डाळ शिजवून पुरण वाटीत बसणारी माणसे जगात अद्याप आहेत. संगणकाच्या बाबतीत आमची गणना याच मंडळींत होते. इतर लोक आपल्या यंत्रावर तयार प्रोग्रॅम आणून बसवितात. आम्ही मात्र 'जेन्टू' नावाच्या लिनक्सच्या नादी लागलो आहो. २००२ साली हिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. २०२३ च्या डिसेंबरपासून हिच्यातही तयार पाकिटे सर्रास मिळू लागली असली, तरी हिचा मूळ कुळाचार असा, की प्रत्येक प्रोग्रॅम लिखित मजकुराच्या रूपात आणावा आणि आपल्याच यंत्रावर शिजवून घ्यावा.

या स्वयंपाकघरात दोन मानकरी असतात. पहिला कारभारी. त्याचे नाव 'पोर्टेज'. कोणता प्रोग्रॅम कशावर अवलंबून आहे, आधी काय शिजवावे आणि मागाहून काय, याची वही त्याच्यापाशी. दुसरा आचारी, म्हणजे कंपायलर. तो मनुष्याने लिहिलेला मजकूर यंत्राला पचेल असा करून देतो. आमच्याकडचा आचारी 'जीसीसी' १९८७ पासून या धंद्यात आहे, आणि त्याची नवी आवृत्ती दरवर्षी येते. पोर्टेजची उदारता अशी, की जुना आणि नवा असे दोन्ही आचारी तो एका घरात सुखाने नांदू देतो. हुकूम कोणाचा चालावयाचा, एवढे मालकाने एका आज्ञेने ठरवून द्यावे.

२०१५ साली जीसीसीची पाचवी आवृत्ती निघाली आणि आम्ही ती त्याच हिवाळ्यात उत्साहाने बसविली. त्या सुमारास आमच्याकडे राहावयास आलेला भाचा म्हणाला, "मामा, जुन्याला इतक्यात निरोप देऊ नका. आधी सगळे नव्याने शिजवून घ्या." आम्ही हसलो. जागा अडविणारी अडगळ ठेवावी कशाला, असा विचार करून आम्ही जुन्या ४.९ ला त्याच रात्री घराबाहेर काढले.

आठ दिवसांवर वडिलांचे वर्षश्राद्ध होते. त्यांच्या निवडक पत्रांची एक पुस्तिका छापून त्या दिवशी आप्तांना द्यावी, असे आम्ही योजिले होते. पाने जुळविण्याच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली होती, म्हणून ती शिजवावयास घातली. तासाभराने जोडणीच्या वेळी यंत्राने ओरड केली, की अमुक नावाचे काम ग्रंथालयात सापडत नाही. आम्ही ते ग्रंथालय उघडून पाहिले, तो ते काम तेथे जागच्या जागी! मागणारा त्याला ओळखत नव्हता, इतकेच. जुनी आवृत्ती पोर्टेजने आधीच मोडीत काढलेली नव्हती, परंतु तीही सुरू होताच कोसळू लागली. कारण तिच्याखालची काही ग्रंथालये मधल्या काळात नव्या आचाऱ्याच्या हातून निघाली होती.

या अनोळखीपणाचे कारण मोठे मनोरंजक आहे. सी प्लस प्लस भाषेत एकाच मजकुराच्या दोन प्रती मागितल्या, तर जुना जीसीसी खरोखर एकच प्रत ठेवी व दोघांनाही तीच दाखवी. कोणी तिच्यात फेरफार करू लागला, म्हणजे मग दुसरी काढी. एकत्र कुटुंबाचीच ही व्यवस्था! २०११ च्या मानकाने ही सामायिक मिळकत नामंजूर केली. तेव्हा पाचव्या आवृत्तीने मजकुराची नवी रचना स्वीकारली आणि घोटाळा होऊ नये म्हणून तिला निराळे अंतर्नाव दिले. जुनी रचनाही त्याने टाकून दिली नव्हती. परंतु जुन्या हातचे ग्रंथालय एक नाव सांगे, नव्या हातचा प्रोग्रॅम दुसरे विचारी, आणि दोघांची भेट होत नसे. जुना आचारी घरात असता, तर त्याला घटकाभर बोलावून आम्हांला वेळ निभावून नेता आली असती. माघारीचा तो रस्ता आम्हीच बंद केला होता.

उपाय एकच उरला. सी प्लस प्लसच्या मूळ ग्रंथालयावर उभे असलेले घरातील प्रत्येक पाकीट हुडकून नव्याने शिजविणे. हुडकण्याचे साधन तयारच होते. यंत्र तीन दिवस आणि दोन रात्री तापत राहिले. एकदा वीज गेली, तेव्हा थांबलेल्या ठिकाणाहून पुन्हा आरंभ केला. भाचा काही बोलला नाही; त्याचे न बोलणे आम्हांला पुरेसे झाले.

त्या रिकाम्या रात्री आम्ही पत्रांची हस्तलिखिते घेऊन बसलो. वडिलांचे शिक्षण १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वीचे. ते अखेरपर्यंत 'कांहीं' आणि 'नाहीं' यांवर अनुस्वार देत. टंकलिखित प्रतीत आम्ही ते काढू लागलो होतो, आणि निम्म्या पत्रांवर थांबलो होतो. आता ती प्रत वाचताना एका पानावरचे वडील आमच्या ओळखीचे आणि दुसऱ्या पानावरचे परके वाटू लागले. जुन्यात दोष नव्हता, नव्यातही नव्हता. दोष आमच्या अर्धवटपणात होता. सुधारणा करावयाची, तर तिच्यावर अवलंबून असलेल्या शेवटच्या वस्तूपर्यंत ती नेण्याची तयारी असावी. आणि ती तडीस जाईपर्यंत जुन्याला दाराबाहेर काढू नये.

यंत्रात आम्ही सर्व काही नवे केले. पत्रांतले सर्व अनुस्वार परत जागच्या जागी बसविले. पुस्तिका आदल्या दिवशी संध्याकाळी छापून आली. पहिली प्रत वडिलांच्या तसबिरीपुढे ठेवली, आणि दुसरी भाच्याच्या हाती दिली.