नवा हेडफोन, जुना कान

स्मरणिकेसाठी शाळेच्या दिवसांवर काही लिहून पाठवावे, असे पत्र आले त्याच आठवड्यात आमच्या घरी एक हेडफोन आला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे तेव्हा वाटले नव्हते. म्हणून शाळेवरचा हा लेख एका यंत्रापासून सुरू होतो, त्याबद्दल वाचकांनी आम्हाला सांभाळून घ्यावे.

पुण्यात ध्वनिमुद्रणाचे काम करणाऱ्या आमच्या पुतण्याने ती भेट पाठवली होती. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीचा एचडी ६००. हे मॉडेल १९९७ पासून चालत आलेले आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या मंडळींच्या विश्वासातले, असे त्याने आधीच बजावले होते. वजन जेमतेम पाव किलो. कानावर बसणाऱ्या लंबगोल गाद्या मखमलीसारख्या. बाहेरच्या बाजूला मात्र बंद झाकण नाही, नुसती धातूची जाळी. आम्ही ती उलटसुलट करून पाहिली. अशा उघड्या बांधणीत पडद्यामागचा आवाज कोंडून न राहता बाहेर निघून जातो, त्यामुळे ऐकणे मोकळे वाटते. शेजारी बसलेल्यालाही थोडे गाणे फुकट मिळते, हे वेगळे. याचा विद्युतरोध ३०० ओहम. खिशातल्या मोबाइलवर तो धड वाजावा अशी अपेक्षाच नसते. त्यासाठी लागणारा तळहाताएवढा अ‍ॅम्प्लिफायरही पुतण्याने सोबत धाडला होता.

हेडफोन आम्हाला नवा नव्हता. किंबहुना आमची सारी नोकरी त्याच्यावरच गेली. एका जिल्ह्याच्या ठिकाणी दूरध्वनी केंद्रात आम्ही ऑपरेटर होतो. एसटीडी घरोघरी येण्याच्या आधीचे ते दिवस. साधा कॉल, अर्जंट कॉल, लाइटनिंग कॉल. समोर भोकांचा फळा, हातात दोरीची पिन आणि डाव्या कानावर एकच एक चकती. उजवा कान शेजारच्या सहकाऱ्यासाठी आणि सुपरवायझरसाठी मोकळा ठेवायचा. टेलिफोनच्या तारेतून सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज जातो. बोलणाऱ्याचा शब्द कळावा, माणूस ओळखता यावा, याहून अधिक त्या पट्ट्याकडून कोणी मागत नाही. तंबोऱ्याच्या षड्जाचा मूळ स्वरही त्याच्या खालीच राहतो. अशा अरुंद बोळातून आम्ही बावीस वर्षे ऐकले. कोणाच्या घरी मुलगा झाल्याचे ऐकले, कोणाचे वडील गेल्याचे ऐकले, आणि तीन मिनिटे संपल्याचे दोघांनाही सांगितले.

म्हणून हा नवा हेडफोन चढवून किशोरी आमोणकर यांच्या एका मैफलीचे ध्वनिमुद्रण लावले, तेव्हा पहिली काही मिनिटे आम्ही गाणे ऐकलेच नाही. तंबोराच ऐकत राहिलो. तारेखाली सरकवलेला तो बारीक दोरा, ज्याने जवारी उघडते, त्याची करामत आम्हाला पुस्तकातून ठाऊक होती. एका तारेतून एकामागून एक वर चढत जाणारे स्वर कानाने मात्र पहिल्यांदाच मोजले. किशोरीताई गाताना स्वतः स्वरमंडल छेडत. त्या नखाचा तारेवरचा स्पर्श, आलापाआधीचा श्वास, मागे कोणीतरी केलेली मांडीची हालचाल, सारे जागच्या जागी होते. साठी उलटलेल्या माणसाने एवढे हरखून जाणे शोभत नाही, पण त्या रात्री आम्ही जेवणाला दोनदा हाका मारायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच घराण्याच्या केसरबाई केरकर यांची भैरवी लावली. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली, तीच ही. जुन्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीचे हे मुद्रण एकेरी आहे. डाव्या आणि उजव्या बाजूला अगदी तोच आवाज जातो. असा आवाज हेडफोनमध्ये कपाळाच्या बरोबर मध्यावर उभा राहायला हवा. केसरबाई मात्र उजवीकडे सरकून गात होत्या.

आम्हाला वाटले, डावी बाजू सदोष निघाली. एवढी महागाची वस्तू! पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, “काका, उलटा घालून बघा. डावी बाजू उजव्या कानावर घाला. आवाज डावीकडे गेला तर हेडफोनमध्ये गडबड आहे.” पुढचे वाक्य त्याने उच्चारले नाही.

आम्ही उलटा घातला. केसरबाई उजवीकडेच राहिल्या. पुन्हा सुलटा, पुन्हा उलटा. हेडफोनच्या दोन्ही बाजू सारख्या होत्या. आमच्या दोन बाजू सारख्या नव्हत्या.

खोलीत स्पीकरवर गाणे ऐकताना दोन्ही कानांना दोन्ही स्पीकर ऐकू येतात. एक कान कमी पडला तर दुसरा निमूटपणे भरून काढतो आणि मालकाला कळवतही नाही. हेडफोन प्रत्येक कानाला फक्त त्याचाच वाटा देतो. पत्नीला हे सारे समजावून सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “दोन वर्षं सांगतेय, त्या बाजूनं बोललं की तुम्ही हूं म्हणता आणि ऐकत नाही. माझ्यावर विश्वास नव्हता, त्या यंत्रावर बसला.”

कानाच्या तपासणीसाठी ज्या बंद खोलीत बसवतात, तिथेही एक हेडफोनच असतो. २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत एकेक बारीक सूर येतो आणि ऐकू आला की कळ दाबायची. आलेखावर उजव्या कानासाठी तांबडे वर्तुळ, डाव्यासाठी निळी फुली. आमची वर्तुळे वयाला साजेशी हळूहळू उतरत होती. फुल्या मात्र २००० नंतर घसरल्या आणि ४००० हर्ट्झला ५५ डेसिबलवर जाऊन बसल्या. स, श, फ यांसारख्या व्यंजनांचा जीव याच वरच्या पट्ट्यात असतो, म्हणून माणसाला आवाज ऐकू येतो पण शब्द निसटतो. कारण विचारले तर डॉक्टरांनी निश्चित काही सांगितले नाही. वय असेल, काम असेल, लहानपणीचे दुखणे असेल. दोन कानांत एवढा फरक असला की पुढच्याही तपासण्या कराव्या लागतात. त्या केल्या, भयंकर काही निघाले नाही.

त्या खोलीत डाव्या कानाची पाळी चालू असताना सूर येत नव्हते आणि काचेपलीकडची मुलगी आमच्याकडे बघत होती. आम्ही उगाचच चेहरा लक्ष देणाऱ्याचा केला. हा चेहरा आम्ही पूर्वी कुठेतरी पाहिला आहे, असे वाटले आणि कुठे ते लगेच आठवले.

सहावीत आमच्या शेजारच्या वळकटीवर एक मुलगा झोपत असे. त्याचा उजवा कान वाहायचा. कापसाचा बोळा, उशीवर पिवळा डाग, आणि घरून शिकून आलेला गरम खोबरेलाचा उपाय, जो वाहत्या कानात मुळीच करू नये हे आम्हाला आता कळले. वास येतो म्हणून आम्ही आपली वळकटी खिडकीकडे सरकवली. हजेरीला तो हमखास चुकायचा. गुरुजी प्रश्न विचारत तेव्हा मान वळवून डावा कान पुढे करायचा. सारा वर्ग त्या मानेची नक्कल करी आणि ती नक्कल सर्वांत हुबेहूब आमची असे. संध्याकाळच्या रेडिओला सगळे गोल करून बसत, तेव्हा तो अगदी पेटीला टेकून बसे. त्याला आम्ही मागे ओढत असू, कारण तो इतरांचा आवाज अडवतो, असे आमचे म्हणणे होते. सातवीनंतर तो परत आला नाही. का आला नाही, हे आमच्यापैकी कोणी विचारले नाही.

मागच्या महिन्यात वर्गमित्रांना विचारत विचारत त्याचा ठावठिकाणा लागला. गावीच आहे, शेती करतो, नातवंडे आहेत. फोन नंबरही मिळाला. पण आयुष्यभर लोकांना फोन जोडून देणाऱ्या आम्हाला तो नंबर फिरवता येईना. फोनवर त्याला आमचे शब्द कळतील याची खात्री नव्हती, आणि जे सांगायचे होते ते ओरडून सांगण्याजोगे नव्हते. शेवटी पत्र टाकले. खिडकीकडे सरकवलेल्या वळकटीचे आणि नकलेचे त्यात लिहिले आहे. स्मरणिकेच्या प्रकाशनाला ये, असेही लिहिले आहे. पुढच्या रांगेत दोन खुर्च्या धरून ठेवू. तू आमच्या उजव्या हाताला बस, म्हणजे आमचा चांगला कान तुझ्याकडे राहील आणि तुझा आमच्याकडे.