लाइट गेली होती

‘मामू, सहा हजारवर ठेवू की अजून वर नेऊ?’

धुळ्याहून भाच्याचा फोन आला तेव्हा आधी वाटलं, हा कशाचा तरी भाव सांगतोय. मग कळलं, नव्या कॉम्प्युटरची रॅम. त्याने रायझन ७००० मालिकेतला प्रोसेसर घेतलाय, डीडीआर ५ रॅम घेतलीय आणि व्हिडिओ बघून बघून बायोसमध्ये शिरायला शिकलाय. म्हटलं, हात लावू नकोस, रविवारी येतो. जळगाव ते धुळे, एरंडोल-पारोळामार्गे नव्वदेक किलोमीटर. सगळा रस्ता मी २००८ साल आठवत होतो.

तेव्हा मी मेहरूणमध्ये पत्र्याच्या एका खोलीत लग्नांचं व्हिडिओ एडिटिंग करायचो. मशीनमध्ये पेंटियम ड्युअल कोअर ई २१६० होता. स्वस्त चिप, पण ओव्हरक्लॉकिंगवाल्यांची लाडकी. तिचा वेग ठरायचा साध्या गुणाकाराने: मूळ क्लॉक २०० मेगाहर्ट्झ, गुणिले ९, म्हणजे १.८ गिगाहर्ट्झ. तो ९ कंपनीने बांधून टाकलेला, वर नेता यायचा नाही. त्यामुळे मूळ क्लॉकच वाढवायचं. आणि गंमत अशी की मेमरीही त्याच क्लॉकला जोडलेली. एकाला ओढलं की दुसरी मागे ओढली जाणारच. ३३३ केलं की प्रोसेसर सरळ ३ गिगाहर्ट्झवर, आणि डीडीआर २-६६७ रॅमचं खरं क्लॉकही ३३३च. दोघं पावलाला पाऊल मिळवून चालायचे. माझं रेंडरिंग रात्रभर चालायचं ते पहाटेआधीच संपायला लागलं.

इथवर थांबलो असतो तर काही झालं नसतं. पण प्रोसेसर इतका धावतोय तर मेमरीने मागे का राहावं, असं डोक्यात बसलं. आमच्या खालाकडे भाकऱ्या व्हायच्या तेव्हा थापणारीचा हात कितीही चालला तरी तवा एकच, म्हणून भाकऱ्या ताटलीत साचायच्या. मला दुसरा तवा मांडायचा होता. मेमरीचं प्रमाण ४:५ केलं, म्हणजे तिचं क्लॉक ४१६ झालं. १.८ व्होल्टची रॅम २.१ वर नेली. प्रोसेसरचं व्होल्टेजही दहाएक टक्के वाढवलेलं होतंच. हिशेब तेव्हा मांडला नाही, नंतर मांडला. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणजे १.२१ पट, त्याला वेगाची १.६७ पट गुणा. दुप्पट उष्णता, तीही पत्र्याखाली.

तपासणी केली होती मी, अगदीच बेफिकीर नव्हतो. जानेवारीच्या थंडीत एक रात्र प्राइम९५ चालवलं, दुसऱ्या रात्री मेमटेस्ट. दोन्ही पास. पण प्राइममधली जी चाचणी मी निवडली ती प्रोसेसरच्या आतल्या कॅशमध्येच मावते, रॅमला फारशी शिवतही नाही. म्हणजे दोघांची परीक्षा वेगवेगळी झाली. एकत्र, मे महिन्यात, कधीच झाली नाही. माझ्या त्या बोर्डावर मेमरी सांभाळणारा भाग प्रोसेसरच्या बाहेर, नॉर्थब्रिजमध्ये होता. दोन्हीकडचं ओझं त्याच्यावर पडतं, हे माझ्या गावीही नव्हतं.

एप्रिलमध्ये धुळ्याला खालाच्या मुलीचा, म्हणजे आमच्या आपाचा निकाह झाला. शूटिंग मीच केलं. तिसऱ्या कॅसेटवर रुखसती होती. नानी आपाच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ दुआ देत होती, मध्येच मला म्हणाली, ‘तो दिवा बंद कर, डोळे दुखतात.’ मिनी डीव्ही कॅसेटची फाइल तासाला साधारण १३ जीबी व्हायची. फाइल उतरवली आणि पैसे वाचवायला त्याच कॅसेटवर पुढच्या आठवड्यातलं दुसरं लग्न भरलं.

मे महिन्यातली दुपार. बाहेर ४४ अंश, लोडशेडिंग चालू. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता, कूलर नव्हता. तो इन्व्हर्टरला झेपायचा नाही. कुठलाही पंखा खोलीतल्या हवेपेक्षा थंड हवा कुठून आणणार? डिस्क भरली म्हणून एकीकडे रेंडरिंग चालू ठेवून फाइल्स कट करून दुसऱ्या डिस्कवर टाकत होतो. सगळ्या हलल्या, आणि पाच मिनिटांत निळा पडदा. पुन्हा सुरू झाल्यावर विंडोजने आपणहून डिस्क तपासली, दुरुस्त केली. तिसऱ्या कॅसेटची चाळीस मिनिटं नीट होती. पुढे हिरवे-गुलाबी चौकोन. शेवटची अकरा मिनिटं नव्हतीच.

त्याच दुपारी मेमटेस्ट लावलं, लाल ओळींनी पडदा भरला. रात्री सगळं खाली आणलं: २६६ गुणिले ९, २.४ गिगाहर्ट्झ, मेमरी १:१. तो उन्हाळा मशीन एकदाही अडखळलं नाही.

खालाला फोनवर सांगितलं, ‘लाइट गेली, फाइल उडाली.’ त्या वर्षी खान्देशात यावर कुणी दुसरा प्रश्न विचारत नव्हतं. नानी त्याच हिवाळ्यात गेली. तिचे फोटो आहेत. आवाज कुठेच नाही.

रविवारी भाच्याच्या मशीनला सहा हजारवरच ठेवलं. आता मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटातच असतो. सहा हजारला मेमरीचं क्लॉक ३०००, आणि कंट्रोलरही ३०००. त्याच्या फार वर गेलं की कंट्रोलर बहुधा निम्म्यावर टाकावा लागतो, आणि कमावलेला वेग वाट बघण्यात जातो. प्रोसेसर तापला तर आजकाल स्वतःच वेग कमी करतो. मेमरी तसं काही करत नाही, ती गुपचूप चुकते. म्हणून म्हटलं, रेंडरिंग आणि मेमरीची चाचणी दोन्ही एकदम लाव, कूलर बंद करून, भर दुपारी.

‘कूलर बंद करून कशाला?’

मग सांगितलं. सगळंच सांगितलं. खाला शेजारीच लसूण सोलत बसली होती, हे माझ्या लक्षात होतं.

ती थोड्या वेळाने म्हणाली, ‘म्हणजे लाइट गेली नव्हती.’

‘गेली होती. पण फाइल त्याने गेली नाही.’

‘आणि कॅसेट?’

‘तिच्यावर दुसऱ्याचं लग्न भरलं होतं.’

तिने पाकळ्या वाटीत टाकल्या, साली गोळा केल्या. ‘कुणाचं?’ तिने विचारलं. मला नाव आठवलं नाही.