विंगेतला झुंजारराव

‘अकरा रुपये बक्षीस’ असं माईकवर पुकारलं, तेव्हा मी विंगेत पाटावर बसलो होतो. मांडीवर नाटकाचं पुस्तक, हातात टॉर्च. बक्षीस मिळालं माझ्यामुळे, नाव घेतलं गेलं मित्राचं. नातवंडं झाली, पुढचे दोन दात गेले, तरी मंडईचे दिवस आले की ते अकरा रुपये मला टोचतात.

1987 सालची गोष्ट. झाडीपट्टीत नाटक म्हणजे काय, ते सांगत बसत नाही. दिवाळी झाली की मंडई, आणि मंडई म्हटली की रात्रभर नाटक. पाहुणा आला की आधी नाटक कोणतं ते विचारतो, तब्येत मग. आंधळगावात आम्हा हौशी पोरांचं मंडळ होतं. निम्मे मागावर बसणारे, दोघं-तिघं शेतीवाले आणि मी, बी.ए. होऊन घरी बसलेला. त्या वर्षी तालीममास्तरांनी ‘झुंजारराव’ काढलं.

मास्तरांना वाचनाचा नाद. देवलांनी 1890 साली ‘ऑथेल्लो’वरून हे नाटक बेतलं, त्याच्याही आधी 1867 मध्ये महादेवशास्त्री कोल्हटकरांनी ‘ऑथेल्लो’चं मराठी भाषांतर केलं होतं, शाहूनगरवासी नाटक मंडळीत गणपतराव जोशी झुंजारराव करायचे, हे सगळं ते रोज तालमीआधी सांगत. झुंजाररावाचे कान भरणाऱ्या पात्राला ते मराठी नावाने हाकच मारत नसत, थेट ‘इयागो’ म्हणत. मग आम्हीही इयागोच म्हणायला लागलो. झुंजारराव मला मिळाला होता. इयागो माझ्या मित्राला. झुंजाररावाच्या बायकोच्या, कमळजेच्या कामासाठी नागपूरहून बाई येणार होत्या, त्या शेवटच्या दोन तालमींनाच.

त्या नाटकातला रुमाल आठवतो का? नवऱ्याने दिलेला, बायकोच्या हातून पडलेला, तिसऱ्याने उचलून भलत्याच्या खोलीत टाकलेला. मास्तर म्हणाले, मूळ शेक्सपियरमध्ये ऑथेल्लो सांगतो की या रुमालावरचं भरतकाम एका दोनशे वर्षांच्या जादूगारणीने केलं आणि त्याचं रेशीम देणारे किडेसुद्धा पवित्र होते. हे ऐकल्यावर आमची कोष्ट्यांची पोरं सरसावून बसली. आमच्या गावात असल्या रुमालाला बाजारचं कापड कसं चालेल? एकाने घरच्या करवतकाठी साडीच्या शेवटी उरलेला कोशाचा तुकडा आणला. मधासारखा रंग, लाल सुती काठ आणि काठाला करवतीचे बारीक दाते. ते दाते वरून काढलेले नसतात. तीन धोटे चालतात, दोन काठांचे आणि एक अंगाचा, आणि काठाचा धागा अंगाच्या धाग्यात जिथे अडकतो तिथे दाता पडतो. एक धागा चुकला तर दहा हात लांबून दिसतो. प्रयोगात तो रुमाल निघाला, तेव्हा पुढच्या ओळीतला एक म्हातारा विणकर मोठ्याने म्हणाला, “अगा, हा काठ त आपल्याच गावचा होय!” अख्खा मांडव हसला. शोकांतिका, आणि हसला.

पण माझा रुमाल वेगळाच होता. माझी वही.

पाठांतरासाठी माझी सगळी भाषणं मी एका दोनशे पानी वहीत उतरवली होती. समासात पेन्सिलीने टिपणं. कुठे थांबायचं, कुठे वळायचं. आणि मधूनमधून, आता लाज वाटते, पण लिहिलं होतं ते लिहिलं होतं : ‘मास्तरांना हा प्रवेश कळलेला नाही.’ ‘इथे ओरडायला लावतात, चूक.’ ‘गणपतराव असं करत नसणार.’ बी.ए.चा माज, दुसरं काय.

मित्राने वही मागितली. दोघांचे प्रवेश समोरासमोरचे, त्याला माझी वाक्यं उतरवून हवी होती. मी दिली. दोन दिवसांनी ती मास्तरांच्या ओसरीवर होती.

तो मास्तरांशी काय बोलला, हे मला पेटी वाजवणाऱ्याने नंतर सांगितलं. तो तिथेच बसला होता. चुगलीचा एक शब्दही नाही. उलट माझं कौतुक. “पोरगा लय हुशार हाये मास्तर. तुमचं कुठं चुकते, थे भी लिहून ठेवते.” मास्तरांनी विचारलं, कुठे लिहितो? हा म्हणाला, “जाऊ द्या ना, कायले पायता?” आणि वही पुढे सरकवली. ‘कायले पायता’ म्हणत सरकवली! या दोन गोष्टी एकाच वेळी करायला केवढी अक्कल लागते, याचा मी अजूनही विचार करतो. इयागो तरी वेगळं काय करतो? बोलायचं नाही म्हणतो आणि समोरच्याकडून बोलवून घेतो.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सगळ्यांदेखत सांगितलं, झुंजारराव दुसरा करेल. माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुझं वाचन साफ आहे. तू प्रॉम्प्टिंग कर.” प्रयोगाला आठ दिवस उरले होते.

आणि त्या रात्री मित्र माझ्या घरी आला. चहा प्यायला. मास्तरांचं वय झालं, मनावर घेऊ नकोस म्हणाला. मी म्हटलं, सकाळी जाऊन विचारतो. त्याने हात धरला, “नोको जाऊ गा, अजून बिथरंल.” मी गेलो नाही. त्याच्या सांगण्यावरून गेलो नाही! झुंजारराव कमळजेला धड एकदा विचारत नाही म्हणून मी तालमीत त्याला मूर्ख म्हणत होतो.

त्याने असं का केलं? झुंजारराव त्याला मिळाला नाही. तो मागितलाही नव्हता त्याने, इयागोवरच खूश होता. कोलरिज नावाच्या इंग्रज कवीने म्हणून ठेवलंय, की इयागोच्या दुष्टपणाला कारणच नसतं, तो आपला कारणं हुडकत फिरतो. पुष्कळांना हे पटत नाही. मला पटतं, मी त्याच्यासोबत चहा प्यालोय.

आता प्रयोगाची रात्र. झाडीपट्टीत प्रॉम्प्टर म्हणजे अर्धं नाटक. नट वाक्य पाठ करून येतोच असं नाही, विंगेतून आलेलं उचलतो आणि त्याला स्वतःचा आवाज देतो. म्हणजे रात्रभर मी काय करत होतो, बघा. कान भरणाऱ्याचे कान मी भरत होतो. त्याच्या तोंडचं विष आधी माझ्या तोंडातून जात होतं.

कान भरण्याच्या मोठ्या प्रवेशात एका जागी मी वाक्य दिलं नाही. टॉर्च विझवली आणि मनात आकडे मोजायला लागलो. चार, पाच. त्याने विंगेकडे डोळे फिरवले. सात, आठ. तोंड उघडलं, मिटलं. हातातल्या पागोट्याचं टोक पिळायला लागला. कपाळावरचा घाम रंगातून ओघळताना मला दिसत होता. समोर मांडव चिडीचूप. अकराला माझा धीर सुटला, की दया आली, नक्की नाही सांगता येत. मी टॉर्च लावली आणि वाक्य दिलं. त्याने ते इतक्या खोल, अडखळत्या आवाजात म्हटलं की मागच्या बाकापर्यंत शिट्ट्या. लोकांना वाटलं, हा बोलू की नको करतोय. प्रवेशात तेच तर हवं होतं! मास्तरांनी महिनाभर त्याला तिथे थांब म्हणून सांगितलं, तो कधी थांबला नव्हता. लगेच चिठ्ठी आली आणि माईकवर पुकारलं, इयागोच्या अभिनयाला अकरा रुपये.

इतकी वर्षं मी ही गोष्ट ‘माझ्यावरचा अन्याय’ म्हणून सांगत आलो. स्वतःला कमळजेच्या जागी धरून. पण कमळजेने काहीच केलेलं नव्हतं. माझ्या समासातली अक्षरं माझीच होती. त्याने ती नेऊन दाखवली एवढंच. दाखवायला नको होती, हे मी मरेपर्यंत म्हणेन. तरी मास्तर दुखावले ते खोट्या पुराव्याने नाही. आणि मी रागात गिळलेलं ते वाक्य? तोही सूडच होता, फक्त फसला.

देवलांचं मला नवल वाटतं. झुंजारराव रंगवणाऱ्या याच माणसाने पुढे तीनच वर्षांत तसबिरीच्या घोटाळ्याचा फाल्गुनराव लिहिला. रुमालाच्या जागी तसबीर, आणि लोक पोट धरून हसले. संशय तोच. त्याचंच पुढे ‘संशयकल्लोळ’ झालं. आपल्याकडे ते अजून होतं, ‘झुंजारराव’ फारसं कोणी करत नाही. झाडीपट्टीतल्या मंडळींनी एकदा करून बघावं. आणि करणाऱ्यांनी वही कोणाला देऊ नये, दिलीच तर समास कोरा ठेवावा.

मास्तर गेले. शेवटपर्यंत मी त्यांना काही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मित्र गावातच आहे, संध्याकाळी पारावर भेटतो. वहीचा विषय आम्ही दोघंही काढत नाही. त्या अकरा रुपयांतले साडेपाच माझे होतात, ते त्याने अजून दिलेले नाहीत.